वरसईच्या माणसाने उघडलेलं कुलूप

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आपल्या पेण तालुक्यातल्या वरसईचे. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ लिपीत लपवले होते; एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं. राजवाड्यांनी तो तक्ता उलगडला आणि बाहेरच्यांना शेकडो वर्षं बंद असलेलं मराठी वाङ्मय खुलं झालं. तक्ता सापडला की सगळंच उघडं!

आज पेण-रोह्यात फोनवर बँक उघडतो, तेव्हा बहुधा ‘एईएस’ ही गुप्तलेखन पद्धत राखणीला असते. तिचा २५६ नोंदींचा तक्ता २००१ पासून जाहीर आहे. १२८ बिटांच्या एका किल्लीतून त्याच्याच मदतीने ११ किल्ल्या बनतात. तक्ता चव्हाट्यावर, गुप्त फक्त मूळ किल्ली.

राजवाडे म्हणजे नुसते जुने कागद नव्हेत. मुलांना हेही सांगा.