इंदूरच्या माणिकबागेतील जर्मन वास्तुविचार

होळकरांच्या इंदुरात जुना राजवाडा आणि लालबाग यांचीच वर्णने प्रवासी करतात. माणिकबाग राजवाड्यापाशी ते फारसे थांबत नाहीत. याचे कारण वास्तूतच आहे. १९३० ते १९३३ या काळात सिद्ध झालेल्या या राजवाड्यात अलंकरणाचा जवळजवळ अभाव आहे. पाहणाऱ्यास ती एखादी कचेरी वाटावी, आणि पुढे ती झालीही तशीच.

या वास्तूचा कर्ता एकार्ट मुथेसिउस (१९०४–१९८९) हा बर्लिनचा. यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला शिकत असता उभयतांचा परिचय झाला. मुथेसिउस येथे कायमची वस्ती करण्यास आलेला नव्हता. तथापि त्याने बरोबर आणलेला विचार त्याच्या घराण्यातला होता. त्याचे वडील हेर्मान मुथेसिउस हे १९०७ साली स्थापन झालेल्या ‘डॉइचर वेर्कबुंड’ या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. कारागिरी व यंत्रोद्योग यांची सांगड घालून नित्य वापराच्या वस्तूंनाही निकोप रूप द्यावे, असा त्या संस्थेचा आग्रह होता. या दृष्टीने दिवा, खुर्ची, दाराची मूठ हीदेखील घराचीच अंगे होत.

माणिकबागेत हा विचार पूर्णत्वास गेला. ग्रंथालयातील लाल खुर्च्यांच्या अंगातच वाचनाचे दिवे बसविलेले होते, त्या मुथेसिउसच्याच. मात्र सारे जर्मन नव्हते. लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स यांचे धातूचे पलंग, आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची, द सिल्वा ब्रून्स यांचे गालिचे अशी पॅरिसची निवडही तेथे होती. तेव्हा या वास्तूला पाश्चात्त्यांचे अनुकरण म्हणून मोकळे होणे उचित नव्हे. अनुकरण प्रतिष्ठा पावलेल्या वस्तूचे होते. येथे तर युरोपातही नव्यानेच पुढे येत असलेल्या, वादग्रस्त शैलीची निवड एका तरुण मराठी संस्थानिकाने केली होती.

१९३९ साली मुथेसिउस बर्लिनला परतला. यशवंतराव १९६१ साली निवर्तले. वास्तू पुढे केंद्र सरकारच्या सीमाशुल्क व उत्पादनशुल्क खात्याकडे गेली, आणि सामानाचा लिलाव १९८० साली मोनॅको येथे सदबीज या पेढीने केला. घर आणि सामान यांची एकात्मता हेच ज्या वास्तूचे मर्म, तिच्या भिंती तेवढ्या इंदुरात उरल्या. २०१९ साली पॅरिसच्या सजावटकला-संग्रहालयात यांपैकी बऱ्याच वस्तू पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या. माणिकबाग तेथे छायाचित्रांतून दिसत होती.