एका आवृत्तीचा वाद

ग्रंथाच्या पाठावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना नवा नाही. २००० साली तो संगणकाच्या क्षेत्रात मोठ्या तीव्रतेने उपस्थित झाला होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही तो समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे कंपायलर. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये ‘जीसीसी’ हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. लिनक्सची वितरणे, म्हणजे असंख्य आज्ञावल्या निवडून आणि तपासून एकत्र देणारे संच, प्रामुख्याने याच कंपायलरने घडवली जात. त्यामुळे एखाद्या साध्या पॅकेजची नवी आवृत्ती चुकली तर नुकसान मर्यादित राहते. कंपायलरची चुकली तर सारा संच धोक्यात येतो.

सप्टेंबर २००० मध्ये रेड हॅटने आपल्या सातव्या वितरणात ‘जीसीसी २.९६’ दिला. वस्तुतः जीसीसीच्या सुकाणू समितीने या क्रमांकाची आवृत्ती प्रकाशित केलीच नव्हती. विकासाधीन प्रत घेऊन, तीत दुरुस्त्या करून कंपनीने ती सिद्ध केली होती. ऑक्टोबरमध्ये समितीने तसे जाहीर केले. या कंपायलरने घडवलेल्या सी प्लस प्लसच्या आज्ञावल्या आधीच्या २.९५ शी जुळणार नाहीत आणि येऊ घातलेल्या ३.० शीही नाहीत, असा इशारा तिने दिला. घोटाळा टाळण्यासाठी समितीने आपल्या विकासाधीन प्रतीचा क्रमांकही २.९७ केला. लिनक्सचा गाभा बांधण्यासाठी तर रेड हॅटनेच त्या संचात एक जुना कंपायलर वेगळा ठेवला होता!

कंपनीची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. २.९५ मध्ये सी प्लस प्लसच्या मानकाचे पालन अपुरे होते, आणि ३.० प्रत्यक्षात जून २००१ मध्ये आली. शिवाय पाठ बदलण्याचे स्वातंत्र्य परवान्यानेच दिलेले होते. आमच्या मते दोष बदलात नव्हता, नावात होता. बदललेल्या पाठाला मूळ परंपरेतला क्रमांक लावला की वापरणाऱ्याला त्याचे मूळ कळत नाही, आणि बिघाड झाल्यास जबाबदार कोण, हेही कळत नाही.

मूळ संहिता वाचून तरी खात्री पटते काय? केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग व्याख्यानात दाखवले, की संहिता निर्दोष असूनही कंपायलर आपल्यातला दगा पुढच्या कंपायलरमध्ये उतरवू शकतो. यावर डेव्हिड व्हीलर यांनी सुचवलेला उपाय पाठचिकित्सकांना परिचित वाटेल: तीच संहिता दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरमधून काढायची, तिच्याकडून पुन्हा कंपायलर घडवायचा, आणि हाती आलेली प्रत मूळ प्रतीशी ताडून पाहायची. अर्थात, दुसरा साक्षीदार पहिल्याच्या वंशातला नसावा, ही अट येथेही आहेच.