हादरा सोसणे आणि हादरा जिरवणे

नाशिकहून त्र्यंबकेश्वरामार्गे हरसूलकडे जाणाऱ्याला रस्ता कसा आहे हे कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या पाठीच्या कण्यालाच ते कळते. मोठी सडक सोडून पाड्याची वाट धरली, की दगड, चर आणि पावसाने कातरलेले उतार सुरू होतात. अशा वाटेवर चाकाला बसलेला हादरा माणसापर्यंत पोहोचू नये म्हणून माणसाने कोणकोणते उपाय केले, हा आजचा विषय आहे. ह्या उपायांचे टोक एका खेळाच्या वाहनात पाहावयास मिळते. चार फुगीर चाके, मोटारसायकलीसारखे हँडल आणि घोड्यावर बसावे तशी बैठक, असे ते वाहन. त्याला क्वाड म्हणतात.

प्रारंभ आपल्या बैलगाडीपासून करू. तिला कमान नसते. चाकाचा धक्का आसावाटे थेट साटीला बसतो. पण बैलाची चाल मंद, आणि भाताची पोती तक्रार करीत नाहीत. म्हणून शतकानुशतके तिचे अडले नाही. वेग वाढला आणि पोत्याच्या जागी माणूस बसला, तेव्हा कमानीची गरज भासली. स्प्रिंगवर जितका भार दुप्पट, तितकी ती दुप्पट दबते, हा नियम रॉबर्ट हुक ह्याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १८०४-०५ च्या सुमारास इंग्लंडात ओबाडाया एलियट ह्याने पोलादी पाट्यांची लंबवर्तुळी कमान घोडागाडीला बसविली. आपल्याकडील शिग्राम आणि टांगा ही त्याच कमानीच्या कुळातली वाहने.

परंतु येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कमान हादरा नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेते आणि परत करते. म्हणून नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर दहा हेलकावे खाते. टांग्याच्या कमानीत पाटे एकमेकांवर घासत, आणि त्या घर्षणात थोडी शक्ती खर्ची पडे. मोटारीचा वेग आल्यावर तेवढे पुरेना. विसाव्या शतकाच्या आरंभी घर्षणाच्या चकत्या आल्या आणि मागोमाग तेलाचे शॉकअॅब्सॉर्बर आले. आपले मिस्त्री ज्याला 'शॉकअप' म्हणतात, त्यात दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो, तेल तापते आणि हादऱ्याची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. डोंगरउतारावर पाणी अडविणे वेगळे आणि जिरविणे वेगळे. तसेच येथे आहे: स्प्रिंग अडविते, शॉकअप जिरवितो.

१९७० साली होंडाने फुगीर टायरांची तीनचाकी गाडी अमेरिकेत विकावयास काढली. तिला मागे ना स्प्रिंग, ना शॉकअप. सारी भिस्त टायरातल्या हवेवर. हवा सोसते, पण जिरवीत नाही. गाडी चेंडूप्रमाणे उसळे. शिवाय तीन चाकांमुळे ती वळणावर कलंडे. १९८८ मध्ये न्यायालयापुढे झालेल्या तडजोडीने अमेरिकेत तिची विक्री थांबली. तोवर चारचाकी क्वाड रूढ झाली होती. सुझुकीने १९८५ मध्ये शर्यतीसाठी आणलेली एलटी-२५०आर तिच्यातली नावाजलेली.

अशा शर्यतीच्या क्वाडची मागील रचना मोटारसायकलीकडून आली. बेल्जियमच्या लुसिएन टिल्केन्स ह्यांनी मागील दोन शॉकअपांऐवजी एकच योजला. यामाहाने ती कल्पना घेतली, आणि १९७३ मध्ये हाकान आंदेरसोन त्याच गाडीवर खडतर वाटेच्या शर्यतीत २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला. क्वाडमध्ये मागली दोन्ही चाके एका आसावर, आस एका झुलत्या दांड्याच्या टोकाला, आणि दांडा व सांगाडा ह्यांच्या मध्ये एकच शॉकअप. बहुधा मध्ये तरफांची जोडणी असते. तिच्यामुळे लहान खड्ड्यात चाक सहज वर जाते आणि मोठ्या उडीत विरोध वाढत जातो.

मग महागडा शॉकअप घेतला की काम झाले काय? नाही. तो स्वाराच्या वजनाला जुळविला पाहिजे. गाडीचे मागले टोक उचलून, चाके अधांतरी ठेवून, आसापासून वर एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर मोजावे. नंतर स्वार बसवून पुन्हा मोजावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या सुमारे एक तृतीयांश असावा. जास्त असेल तर स्प्रिंगवरची चकती आवळावी, कमी असेल तर सैल करावी. मात्र आवळण्याने स्प्रिंगची जात बदलत नाही. फार आवळावी लागली तर स्प्रिंगच बदलली पाहिजे. त्यानंतर तेलाची वाट. शॉकअप उलटताना फार मोकळा असेल तर गाडी मागून लाथ मारते. फार घट्ट असेल तर ओळीने आलेल्या खड्ड्यांत तो पुरता उलगडत नाही आणि मागला भाग दबतच जातो. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच वाटेवर पुन्हा चालवून पाहावे, हा शर्यतवाल्यांचा शिरस्ता.

हा खेळ श्रीमंतांचा आहे, त्यातून आपणांस काय, असे कोणी विचारील. २००७ पासून भरणाऱ्या 'बाहा' स्पर्धेत भारतातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी खडतर वाटेवरची गाडी स्वतः बांधतात. मोजणे आणि जुळविणे हेच त्यांनाही करावे लागते. आणि आता डोंगरी पाड्यांवरून माणसे आणणारी जीप पाहा. तिचे मागले पाटे दाटीवाटीने बसलेल्या उतारूंच्या भाराला धरून कडक केलेले असतात. पण रात्री त्याच जीपमधून एकटी बाळंतीण दवाखान्यात न्यावयाची असते, तेव्हा ते पाटे दबतच नाहीत, आणि प्रत्येक दगड तिला लागतो. भार बारा जणांचा धरलेला, आणि प्रवास एकीचा! हे सर्वांत मऊ कमान बसवून सुटणार नाही. मग भरलेली गाडी जमिनीला टेकेल. भाराप्रमाणे कमान आणि कमानीप्रमाणे शॉकअप जुळविला पाहिजे.

टांग्याची कमान प्रथम बसणाऱ्या धनिकासाठी आली, क्वाडचा शॉकअप शर्यतीच्या स्वारासाठी आला. दोहोंमागचे ज्ञान मात्र कोणाच्या मालकीचे नाही. ते एका फूटपट्टीने आणि थोड्या चिकाटीने कोणत्याही मिस्त्रीच्या हाती येते. रस्ता चांगला व्हावा ही मागणी आपण सोडू नये. पण तो होईपर्यंत मागे बसलेल्या माणसाचा हादरा जिरविणे आपल्या हाती आहे.