पाडव्याला ठरणारं साल

पाडव्याच्या आधीचे आठ-दहा दिवस वारंगा फाट्याच्या आसपासच्या गावांत बोलाचालीचे असतात. अकोला-हिंगोलीकडून नांदेडला जाणारा रस्ता आणि तुळजापूरहून नागपूरला जाणारा रस्ता इथे भेटतात. कळमनुरी, हदगाव, अर्धापूर, वसमत अशा चारी बाजूंची माणसं फाट्यावर टेकतात, खिचडी खातात आणि एकमेकांना विचारतात, "गडी ठरला का औंदा?"

गडी म्हणजे सालगडी. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाच्या शेतात राबण्याची जी बोली होते, तिला आपल्याकडे नुसतं साल म्हणतात. साल तोंडी ठरतं. दोन्हीकडच्या विश्वासाचा एखादा जाणता मध्ये बसतो, इसार दिला जातो आणि ठरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा गडी आधीच उचलतो. उरलेली रक्कम वर्षभरात लागेल तशी मिळते. जुन्या बोलीत महिन्याची ज्वारी, पोळ्याला कपड्यांचा जोड, घोंगडं आणि वहाणा हेही असायचं. त्या बदल्यात पहाटेच्या शेणकुरापासून रात्री उभ्या पिकाला पाणी देण्यापर्यंत सगळं काम गड्याचं. वीज रात्रीची असेल, तर त्याची रात्रही मालकाची.

या व्यवहाराचा खरा स्वभाव खाड्यात दिसतो. गडी ज्या दिवशी आला नाही, त्या दिवशी मालकाच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात फुली पडते. तापाने अंथरूण धरलं तरी खाडा, बहिणीकडे मौत झाली तरी खाडा. साल फिटताना फुल्या मोजतात आणि तेवढे दिवस पाडव्यानंतर भरून द्यायचे किंवा पैसे कापून घ्यायचे. मात्र पावसाची झड लागून आठ दिवस औत उभं राहिलं, तर ते दिवस गड्याच्या अंगावर येत नाहीत. दुष्काळात शिवार करपलं तरी ठरलेली ज्वारी मिळायची. रोजाने जाणाऱ्याच्या चुलीला एवढी हमी कधीच नव्हती. म्हणून लेकराबाळांचा बाप साल धरायचा आणि स्वातंत्र्य गहाण ठेवतोय हे त्याला पक्कं ठाऊक असायचं.

मुहूर्त पाडव्याचाच का, याचं उत्तर शिवारात आहे. तोवर रब्बीच्या राशी झालेल्या असतात, माल विकून मालकाच्या हाती पैसा आलेला असतो, रान मोकळं असतं आणि नांगरटीला हात हवे असतात. खानदेशात हाच व्यवहार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला होतो आणि तिथे गड्याला सालदार म्हणतात.

सालाचं कूळ शोधताना बलुत्याकडे पाहावं लागतं. सुतार, लोहार, कुंभार, महार यांची गावकीतली कामं जन्माने ठरलेली होती आणि त्यांचा मोबदला गावाने खळ्यावर द्यायचा होता. सालगड्याला असं वतन नव्हतं. ज्याच्याकडे जमीन नाही किंवा आहे तेवढीवर पोट भरत नाही, असा दलित, आंध आदिवासी किंवा गरीब कुणबी एका घराशी वर्षाची बोली करायचा. कागदावर पाहिलं तर हा मोकळ्या माणसाचा करार. वर्ष संपलं की दुसरा मालक धरायला तो मोकळा. प्रत्यक्षात मुलीच्या लग्नाची उचल एका सालात फिटत नसे, मग दुसरं साल त्याच दारात, तिसरंही तिथेच, आणि बाप थकला की पोरगा.

मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याच संस्थानातल्या तेलंगणात कर्जापोटी राबवून घेण्याची भगेला नावाची पद्धत इतकी माजली होती, की १९४३ मध्ये सरकारला तिला वेसण घालणारा कायदा करावा लागला. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. १९५० च्या कूळकायद्याने कसणाऱ्या कुळाला हक्क दिले, पण गडी कूळ नव्हता, त्याच्या वाट्याला काही आलं नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यात देशभरातल्या अशा पद्धतींची नावं आहेत. त्यांत भगेला आहे, सालगडी नाही. तरी उचलीपोटी माणसाची जाण्या-येण्याची मोकळीक काढून घेतली, तर नाव काहीही असो, तो गुन्हाच आहे. हे गावोगाव सांगायला हवं होतं.

वर्षाची बोली फक्त आपलीच नव्हे. सतराव्या शतकात जपानच्या एडो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, घरगडी आणि दुकानातले नोकर वर्षाच्या कराराने राहत. त्यांनी मालक बदलण्याचा दिवस सरकारने ठरवून दिलेला होता. आधी दुसऱ्या महिन्याची २ तारीख, पुढे तिसऱ्या महिन्याची ५. म्हणजे जवळपास आपल्या पाडव्याचाच हंगाम. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी दर १ एप्रिलला शिकून बाहेर पडलेली पोरं घ्यायची आणि निवृत्तीपर्यंत सांभाळायची, अशी रीत पाडली. १९५५ पासून कामगार संघटना दर वसंतात पगारवाढीची बोलणी एकत्र करू लागल्या. नव्वदच्या दशकात मंदी आली. पुरवठादारामार्फत कामगार घेण्याची मुभा १९८५ च्या कायद्याने दिलेलीच होती, ती पुढे रुंदावत गेली. आज तिथल्या नोकरदारांत तिघांमागे एकाहून जास्त जण कायम नोकरीबाहेरचे आहेत.

आपल्याकडे सालाची गाठ दुष्काळाने सैल केली. १९७२ मध्ये रोजगार हमीची कामं निघाली आणि मालकाच्या दाराबाहेरही मजुरी मिळते हे गड्याने पाहिलं. २००६ मध्ये केंद्राची रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात हिंगोली आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे होते. दरम्यान ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, ज्वारीच्या रानात सोयाबीन उभं राहिलं. सोयाबीनला वर्षभराचा माणूस लागत नाही. पेरणीला, फवारणीला आणि काढणीला लागतो. मग गुत्तं, म्हणजे ठरावीक कामाचा ठोक ठेका, आलं. काढणीचं गुत्तं, हळद शिजवण्याचं गुत्तं, केळीच्या गाड्या भरण्याचं गुत्तं. गड्याची पोरं पुण्याला गेली, नाहीतर हायवेवर ड्रायव्हर झाली.

परिणाम असा, की गडी मिळेनासा झाला आणि साल लाखाच्या पुढे गेलं. आता मालकच गड्याच्या दारात जातो, आणि गडी सांगतो : जनावरं दोनच, रात्रीचं पाणी नाही, गाडीला पेट्रोल वेगळं. मला हे ऐकून बरं वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून बोली करणाऱ्याने एकदा तरी अटी घालाव्यात.

पण साल ज्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही, त्या बायांचं काय? गुत्त्याच्या कामात त्यांचेच हात सर्वांत जास्त, आणि त्यांना रोज कुणाच्या तरी वाहनात कोंबून न्यायचं. ४ एप्रिल २०२५ ला, पाडवा होऊन पाचच दिवस झाले होते, वसमत तालुक्यातल्या गुंजच्या मजूर महिला ट्रॅक्टरने नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघाल्या होत्या. ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या.

शेतात जीव गेला तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना वारसांना २ लाख रुपये देते. ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला लागू आहे. त्याच धुऱ्यावर साप चावून भूमिहीन सालगडी मेला, तर त्याची बायको या योजनेत बसत नाही, कारण सातबारावर तिच्या नवऱ्याचं नाव नाही. हीच अट आधी बदलली पाहिजे. ज्या दिवशी साल ठरतं, त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या वहीत गड्याचं नाव, रक्कम आणि उचल लिहिली जावी, रोजाने जाणाऱ्या बायांचीही नावं त्याच वहीत यावीत, आणि त्या नोंदीवर योजनेचा लाभ मिळावा.