दोरी कुणाच्या हातात? जपानी ‘किनबाकू’चा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतील, याची आम्हाला कल्पना आहे. जपानमध्ये माणसाला दोरीने बांधण्याची एक कला आहे. तिला तिथे ‘किनबाकू’ म्हणतात, म्हणजे घट्ट बांधणं. जपानबाहेर ‘शिबारी’ हा शब्द जास्त चालतो. त्याचा अर्थ नुसतं बांधणं, मग ते पार्सल असो की माणूस. प्रौढ माणसं परस्परसंमतीने, शृंगाराचा किंवा रंगमंचीय कलेचा भाग म्हणून हे करतात. आपण इथे नीती-अनीतीचा निवाडा करायला बसलेलो नाही. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की ही दोरी आली कुठून, आणि तिच्या इतिहासात कोण बोलतं, कोण गप्प असतं.

या कलेबद्दल एक वाक्य सर्रास ऐकू येतं: ‘ही सामुराईंची प्राचीन विद्या आहे.’ हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं कधीकधी फार सोयीचं असतं.

खरा भाग आधी बघू. एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या तोकुगावा राजवटीत, कैदी बांधण्याचं एक शास्त्रच होतं, ‘होजोजुत्सू’. आपल्याकडे मुसक्या बांधणं, काढण्या लावून नेणं हे शब्द आहेत, तसाच हा प्रकार. पण तिथे त्याची घराणी होती आणि गाठी गुप्त ठेवल्या जात. पकडताना वापरायची ती ‘हायानावा’, झटपट दोरी. नंतर रीतसर बांधायची ती ‘होन्नावा’, मुख्य दोरी. गंमत बघा, संशयिताला हायानावाने बांधताना गाठ मारायची नाही असा संकेत होता. नुसते वेढे द्यायचे. कारण गाठ बसली की माणसाला कैदी म्हणून डाग लागला, आणि गुन्हा तर अजून शाबीत व्हायचा आहे! कैद्याचा दर्जा काय, यावरही बांधण्याची पद्धत ठरे. म्हणजे दोरी पाहून लोकांना कळायचं, हा कोण आणि याचं काय होणार. जपानी न्यायालयात कोठडीतल्या आरोपीला कमरेला दोरी बांधून आणण्याची पद्धत आधुनिक काळातही राहिली.

याच दोरीची दुसरी बाजू म्हणजे छळ. त्या काळच्या न्यायव्यवस्थेला कबुलीजबाब हवा असे. तो काढायला चार मार्ग होते: फटके, मांड्यांवर दगडी लाद्या, अंग मुडपून ‘कोळंबी’सारखं बांधणं, आणि हात मागे बांधून टांगणं. मेइजी काळातही हे लगेच थांबलं नाही. जपान सरकारचे फ्रेंच कायदेसल्लागार बोआसोनाद यांनी 1875 मध्ये याविरुद्ध तीव्र निषेध नोंदवला, आणि 1879 मध्ये छळ कायद्याने बंद झाला. आता लक्षात घ्या, आजच्या किनबाकूमध्येही ‘एबी’, म्हणजे कोळंबी, नावाचा बंध आहे. नाव तेच राहिलं; अर्थ मात्र पार बदलला.

मग तो बदलला कसा? सामुराईच्या हातातून दोरी थेट शयनगृहात आली नाही. मध्ये नाटक आहे. 1757 मध्ये ओसाकात रंगमंचावर आलेल्या एका बाहुलीनाट्यात, जे पुढे काबुकीतही गाजलं, राजकन्या युकीला चेरीच्या झाडाला बांधतात. ती पायाने, गळलेल्या पाकळ्यांमध्ये उंदरांचं चित्र काढते. ते उंदीर जिवंत होतात आणि दोर कुरतडून तिला सोडवतात. प्रेक्षकांनी हे दृश्य डोक्यावर घेतलं. इथे बंधन हा छळ राहिला नाही, ते बघण्यासारखं दृश्य झालं.

हे सगळं लहानपणापासून मनात मुरवलेला माणूस म्हणजे चित्रकार इतो सेईयू (1882–1961). आज त्यांना किनबाकूचे जनक म्हणतात. वृत्तपत्रांसाठी चित्रं काढणारा, नाटकवेडा, एदोच्या चालीरीतींची बारकाईने नोंद ठेवणारा हा गृहस्थ. ते मॉडेलना बांधून, छायाचित्रं घेऊन, त्यावरून चित्रं काढत. योशितोशी या चित्रकाराचं 1885 चं एक प्रसिद्ध मुद्राचित्र आहे, टांगलेल्या गर्भवतीचं. ते प्रत्यक्षात कसं दिसेल हे पाहण्यासाठी सेईयूंनी 1921 मध्ये आपल्या गर्भवती पत्नीला, किसेला, उलटं टांगलं. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. सेईयूंवर पुस्तकं निघाली. किसेच्या दृष्टीने हा प्रसंग काय होता, हे मात्र त्या छायाचित्राखाली कुणी छापलं नाही.

आता युद्धानंतरचा जपान. स्वस्त कागदावर छापलेल्या सवंग मासिकांचा पूर आला होता. त्यांना ‘कासुतोरी’ मासिकं म्हणत. कासुतोरी ही हलकी दारू. तिचे तीन ‘गो’, म्हणजे तीन मापं घेतली की माणूस आडवा. अंकालाही जपानीत ‘गो’च म्हणतात, आणि तीन अंकांत मासिक आडवं! ओसाकात 1947 मध्ये सुरू झालेलं ‘कितान क्लब’ मात्र टिकलं, 1975 पर्यंत. दंडसंहितेतल्या अश्लीलताविरोधी 175 व्या कलमाची टांगती तलवार असूनही ते वाचकांची पत्रं, कबुल्या, चित्रं छापत राहिलं. वाचकांना पहिल्यांदाच कळलं, ‘असे आपण एकटे नाही.’ सुमा तोशियुकी (1920–1992) हे त्यातले महत्त्वाचे चित्रकार. ‘कीता रेको’ हे स्त्रीचं नाव घेऊन ते चित्रं काढत, आणि ‘मिनोमुरा को’ या नावाने लिहीत, बांधत. म्हणजे स्त्रीचा आवाज हवा होता, पण तोही पुरुषच पुरवत होता.

याच मासिकात दान ओनिरोकू यांची ‘हाना तो हेबी’ ही कादंबरी क्रमशः आली. 1974 मध्ये निक्कात्सू कंपनीने तिच्यावर चित्रपट काढला आणि नायिका तानी नाओमी घराघरांत माहीत झाली. चित्रपटाला दोरीचा जाणकार लागतो. त्यातून ‘बाकुशी’ हा पेशाच उभा राहिला. नुरेकी चिमुओ, आकेची देंकी ही त्यातली मोठी नावं. पुढे ही कला युरोप-अमेरिकेत गेली, तिथे वर्ग भरू लागले, आणि ‘प्राचीन सामुराई विद्या’ हे लेबल तिथे जोरात खपलं. वापरली जाणारी दोरी बहुधा तागाची असते, आणि जगातला बहुतेक ताग आपल्या बंगालच्या दोन्ही बाजूंना पिकतो. तेवढा आपलाही धागा त्यात आहे.

आमचा मुद्दा असा. सामुराईची गोष्ट ऐकायला भारदस्त वाटते, पण तिच्यात बांधणारा तेवढा दिसतो. सामुराईची दोरी ही सत्तेची दोरी होती. बांधलेल्याला ‘सोडा’ म्हणायचा अधिकारच नव्हता. आजच्या चांगल्या शिक्षकाकडे सुरुवात गाठीने होत नाही. आधी बोलणं होतं: काय चालेल, काय नाही, थांब म्हटलं की थांबायचं. दंडातली नस दाबली गेली तर मनगट लुळं पडू शकतं, म्हणून बोटांना मुंग्या येतायत का हे सतत विचारलं जातं आणि कात्री हाताशी ठेवतात. बांधलेल्याला विचारत राहण्याची ही सावधगिरी सामुराईंच्या दोरीत नव्हती. बांधल्या गेलेल्यांचं ऐकायला सुरुवात झाली तेव्हा ती आली.

अर्थात हे ऐकणं अजून पुरतं झालेलं नाही. हिरोकी र्यूइची यांच्या ‘बाकुशी’ या माहितीपटात बांधल्या जाणाऱ्या स्त्रिया स्वतः बोलतात. 2018 मध्ये, जगप्रसिद्ध छायाचित्रकार अराकी नोबुयोशी यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या एका मॉडेलने जाहीरपणे लिहिलं की कधी करार नव्हता आणि छायाचित्रं कुठे वापरली जाणार हे तिला सांगितलं जात नसे. तिची तक्रार तिला मिळालेल्या वागणुकीबद्दल होती.

म्हणून पुढच्या वेळी कुणी या कलेचा चारशे वर्षांचा वारसा सांगितला, तर ऐकून घ्या, आणि मग साधा प्रश्न विचारा: या चारशे वर्षांत बांधलेल्या माणसांपैकी किती जणांची नावं तुम्हाला सांगता येतील?