पांगाऱ्याचं लाकूड आणि वाडीचे चितारी

कसालच्या तिठ्यावर मुंबईहून आलेला माणूस उजवीकडे वळला की मालवणच्या समुद्राकडे जातो. सरळ गेला तर कुडाळ, पिंगुळी करत सावंतवाडीला पोचतो. बहुतेक पाहुणे वळतात. पण लाकडाच्या लहानशा तुकड्याला रंगरूप देऊन त्याची शोभेची वस्तू कशी करतात हे ज्याला पाहायचं आहे, त्याने सरळ जावं. या पट्ट्यात ती कला निदान अठराव्या शतकापासून नांदते आहे.

हल्ली उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या हस्तकला वर्गांत कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यांपासून बाहुल्या, फोटोच्या चौकटी, कुंडीभोवतीची कुंपणं करायला शिकवतात. हौस चांगली आहे, फक्त चिमटा आपल्याकडचा नाही. कोकणात काथ्याची दोरी ताणायची आणि तिच्या पिळात धोतराचं, लुगड्याचं टोक खुपसायचं, एवढ्यावर काम भागत असे. स्प्रिंगच्या चिमट्याचं पेटंट 1853 मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथने घेतलं. त्याच्याही आधी युरोपात लाकडी खुंट्यांच्या सांध्यांवर हातपाय हलवणाऱ्या स्वस्त बाहुल्यांचा मोठा व्यापार होता. आल्प्समधल्या ग्रोडन खोऱ्यातली शेतकरी कुटुंबं हिवाळ्यात त्या कोरत. राणी व्हिक्टोरियाकडे लहानपणी 132 बाहुल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक याच जातीच्या. बर्फात अडकलेल्या खेड्यांनी हलकं लाकूड हाती घेतलं आणि त्यावर घरं चालवली. कोकणात पाऊस चार महिने माणसाला घरात बसवतो, आणि हलकं लाकूड इथे कुंपणालाच उभं असतं.

ते लाकूड पांगाऱ्याचं. फांदी तोडून बांधाला रोवली की फुटते, म्हणून मिरवेलीला आधार द्यायला आणि कुंपणाला पांगारा लावतात. फाल्गुनात पानं झडून तो लालभडक फुलतो तेव्हा ओळखावा लागत नाही. इमारतीच्या कामी तो निरुपयोगी आहे. सुतार त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही, कारण लाकूड मऊ, वजनाला हलकं आणि किडीला लगेच बळी पडणारं. पण कोरणाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच. पटाशी सहज चालते, तंतू फार अडवत नाहीत, आणि फळाएवढा गोळा मुलाच्या हातात जड होत नाही. नीट वाळवलं नाही तर मात्र महिन्या-दोन महिन्यांत रंगाखाली चीर जाते, म्हणून जाणता कारागीर वाळवण्यात घाई करत नाही.

सावंतवाडी ही वाडीकर सावंत-भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी होती. आजूबाजूची माणसं अजून तिला नुसतं ‘वाडी’ म्हणतात आणि तिथल्या खेळण्यांना ‘वाडीची खेळणी’. गावात चितारआळी आहे. चितारी म्हणजे चित्रं काढणारा, आणि लाखकामही करणारा. गोव्यात कुंकळ्ळीचे चितारीही हाच धंदा करतात. चिताऱ्याचं काम देवळापासून माजघरापर्यंत पसरलेलं होतं. पालखीचा दांडा, देवाचा चौरंग, लग्नातले पाट, बाळाचा पाळणा आणि त्यावर टांगायचं चिमणाळं, मुलाला चालायला शिकवणारा पांगुळगाडा, फिरकी, भोवरे हे सगळं त्याच्याच हातचं. मुलींसाठी भातुकली असे: चूल, जातं, उखळ-मुसळ, रवी, पोळपाट-लाटणं, आणि घरातल्या आडाळ्याची, म्हणजे विळीची, बोटभर प्रतिकृतीसुद्धा. भातुकलीचा एक संच पाहिला तरी त्या काळचं कोकणी स्वयंपाकघर कसं होतं ते कळतं, कारण चिताऱ्याने कोरलं ते रोज डोळ्यांसमोर असलेलंच.

लाखकामाची रीत पाहण्यासारखी आहे. लाख ही पळस, बोर, कुसुंबासारख्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची. ती वितळवून तिच्यात रंग मळतात आणि कांड्या करतात. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा हे या कामातले जुने रंग. चरकावर लाकूड फिरत असताना लाखेची कांडी त्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडावर सारखी पसरते. मग केवड्याचं पान दाबून धरलं की आरशासारखी झळाळी येते. ब्रश लागत नाही, व्हार्निश लागत नाही. रंग लाकडाशी एकजीव होतो, म्हणून मूल ते तोंडात घालून चोखतं तरी पापुद्रा निघत नाही. जुने पाळणे तीन-तीन पिढ्यांनी वापरले त्याचं कारण हेच. हरताळ आणि हिंगूळ मात्र विषारी. आजच्या खेळण्यात ते नसणंच बरं.

दुसरा प्रकार हाताने कोरून रंगवायचा, आणि वाडीचं नाव मुंबई-पुण्यापर्यंत गेलं ते त्याच्यामुळे. आंबा, काजूचं बोंड, फणस, अननस, सीताफळ, केळ्यांचा घड, वांगी, हिरवी मिरची. आंब्याच्या देठाकडची लाली आणि टोकाचा पिवळा यांच्यामधली छटा कुठे बदलायची हे चिताऱ्याला पुस्तकातून कळलेलं नसतं. तो आंब्याच्याच मुलखात वाढलेला असतो. ही फळं लग्नाच्या रुखवतात मांडली जातात, हळदीकुंकवाच्या आराशीत ठेवली जातात, गौरीपुढे सजतात. सिंधुदुर्गात गणपतीवर बांधतात ती माटवी मात्र खऱ्या रानफळा-फुलांचीच असते: कवंडाळं, शेरवडं, कांगण्या. तिथे लाकडाला जागा नाही, आणि असूही नये.

याच हातांनी गंजिफाही रंगवली. इराणी मुलखातून आलेला हा पत्त्यांचा खेळ. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डावात आठ रंगांची 96 पानं असत. दक्षिणेकडे येता येता खेळाने विष्णूचे दहा अवतार घेतले आणि पानं झाली 120: दर अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत दहा पानं. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशी चिन्हं. दिवसा खेळायला बसलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा. पाच अवतारांत आकड्यांच्या पानांचा चढता क्रम एक असतो, उरलेल्या पाचांत नेमका उलटा. 120 पानं आणि हा हिशेब डोक्यात ठेवून रात्र रात्र डाव चालत.

पान गोल असतं. जुनं कापड एकावर एक चिकटवून त्याला चिंचोक्याची खळ द्यायची, वाळवायचं, दगडाने घोटून गुळगुळीत करायचं, गोल कापायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. ऐपतीप्रमाणे ‘दरबारी’ आणि ‘बाजारी’ अशा दोन कलमांची गंजिफा मिळे. बाजारी पानांवर नक्षी थोडी आणि कुंचला भरभर चाललेला. आज दरबारी पानांचं कौतुक होतं ते योग्यच आहे, पण चितारआळीच्या चुली बाजारी गंजिफा आणि चार आण्यांच्या खेळण्यांवरच पेटत असणार. पानं ठेवायची सरकत्या झाकणाची पेटी लाकडाची, आणि तिच्यावरही चारी अंगांनी चित्रं.

1880 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये सावंतवाडीच्या कारागिरीची दखल आहे. लाखेची खेळणी, गंजिफा, वाळ्याचे पंखे आणि करंड्या, मखमलीवरचं जरीकाम, गव्याच्या शिंगांच्या वस्तू. इतक्या लहान संस्थानात इतके धंदे टिकले ते दरबार गिऱ्हाईक होता म्हणून. छापील चौकोनी पत्ते स्वस्तात आले तशी गंजिफा मागे पडली. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, दरबार संपला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गंजिफा रंगवण्याची जुनी रीत जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कलावंतच काय ते उरले होते.

इथे वाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी केलेलं काम विसरता येत नाही. त्यांनी पुंडलिक चिताऱ्यांना शिकवायला राजी केलं, राजवाड्यातच लाखकामाचा कारखाना सुरू केला, आणि सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसल्या. चिताऱ्यांच्या घराबाहेरची मुलंमुलीही शिकली. जातीत आणि घरात बंद असलेली विद्या बाहेर आली, हा त्या प्रयत्नाचा सगळ्यात मोठा लाभ. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलावंत पानं रंगवताना दिसतात. पिंगुळीच्या ठाकर समाजाने आपली कला वेगळ्या वाटेने जपली. त्यांच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांना सावंतांचाच आश्रय होता. तो गेल्यावर परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं करून बाहुल्या जपल्या. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फळांच्या आणि खेळण्यांच्या वाट्याला असा राजाश्रय फारसा आला नाही. ती बाजारावर जगली, आणि बाजारात प्लास्टिक आलं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणमची लाखेची खेळणी अशाच संकटातून गेली. तिथे काळ्या कुड्याच्या जातीचं लाकूड वापरतात आणि शेकडो कुटुंबं अजून चरकावर बसतात, कारण तिथल्या मालाला शहरातल्या दुकानांची कायमची मागणी मिळाली. वाडीत तेवढी संख्या नाही. इथे मालाचा खप अजून गोव्याला जाणाऱ्या पर्यटकाच्या थांब्यावर आणि लग्नसराईवर टेकलेला आहे.

तरी काही गोष्टी अनुकूल झाल्या आहेत. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70 टक्के. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण हस्तकला विभागाकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या मालाच्या अधिकृत वापरकर्त्यांना त्यातून सूट आहे. सावंतवाडीच्या गंजिफेला आणि लाकडी कामाला अलीकडच्या वर्षांत हे मानांकन मिळालं आहे. मानांकनाचा कागद मात्र आपणहून पैसे आणत नाही. प्रत्येक कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते, आणि चितारआळीतल्या एकट्यादुकट्या माणसाला अर्ज भरायला हात देणारं कुणीतरी हवं. जिल्ह्याचं मुख्यालय कसालच्या शेजारीच, ओरोसला आहे. तिथून हे काम व्हायला हवं.

गिऱ्हाईकानेही थोडं पाहून घ्यावं. चितारआळीत आणि गावातल्या मोती तलावाच्या आसपास बाहेरून आणलेला यंत्रावरचा मालही ‘वाडीचा’ म्हणून विकला जाऊ शकतो. फळ हातात घेऊन वजन बघा, बूड उलटून पटाशीच्या खुणा बघा, लाकूड कुठलं आणि कोरलं कुणी ते विचारा. हाताने कोरलेले दोन आंबे कधी अगदी सारखे नसतात. दुकानदाराने कारागिराचं नाव सांगितलं, तर घासाघीस न करता सांगेल ती किंमत द्या.