खाम नदीचे पुनरुज्जीवन आणि लोकसहभागाच्या सीमा : गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या मार्गावर बोरी हे बाजारपेठेचे गाव आहे. या परिसरातून वाहणारी करपरा नदी पूर्णा-दुधनेच्या खोऱ्यातील आहे. पूर्णा आणि दुधना या दोन्ही नद्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील डोंगरांत उगम पावतात, जालना व परभणी जिल्ह्यांची भूमी भिजवतात आणि अखेरीस गोदावरीच्या प्रवाहात विलीन होतात. परभणी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांना जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी मिळते. म्हणजे नदीने असो वा कालव्याने, या जिल्ह्यात येणारे बरेचसे पाणी वरच्या अंगाला दुसऱ्या कोणीतरी आधी वापरलेले असते. नदीप्रदूषणाचा व लोकसहभागाने नदी सुधारण्याचा प्रश्न अभ्यासताना हे स्थान विसरून चालत नाही. प्रस्तुत लेखात गोदावरीची उपनदी असलेल्या खाम नदीचा सतराव्या शतकापासूनचा इतिहास आणि २०२१ पासून तिच्या काठी चाललेले पुनरुज्जीवनाचे कार्य यांचा खालच्या अंगाच्या प्रदेशाच्या दृष्टीने विचार केला आहे.

नदीकाठचे शहर आणि नहरींची व्यवस्था

मलिक अंबर याने १६१० मध्ये खाम नदीच्या परिसरात खडकी हे शहर वसविले. पुढे १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आल्यावर त्यास औरंगाबाद हे नाव मिळाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. राजधानीच्या योग्यतेचे शहर वसवायचे तर बारमाही पाणी हवे आणि खाम ही तर पावसाळी स्वभावाची नदी. मलिक अंबरने ही अडचण नदीवर बांध घालून सोडविली नाही. उत्तरेच्या डोंगराळ भागातील भूगर्भात झिरपणारे पाणी त्याने भूमिगत मार्गाने एकत्र केले आणि केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणले. हीच प्रसिद्ध नहर-ए-अंबरी होय. शहरात खापरी नळांतून पाणी फिरत असे. त्याचा दाब आवरण्यासाठी वाटेत उंच मनोरे उभारले होते आणि आत उतरून गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी तोंडे ठेवली होती. मलिक अंबरचे नाव महसूलव्यवस्था व गनिमी युद्धतंत्र यांसाठी वारंवार घेतले जाते. त्याच्या जलव्यवस्थेला इतिहासलेखनात त्या मानाने कमी जागा मिळाली आहे, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

त्यानंतरच्या काळात शहरात आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी खामच्या काठावरील पाणचक्कीची नहर सर्वांना परिचित आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, १७४४ च्या सुमारास, दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्याच्या बळावर पीठ दळण्याची चक्की सुरू झाली. येथे येणारे फकीर, विद्यार्थी व यात्रेकरू यांच्यासाठी त्यावर धान्य दळले जाई. दर्ग्याच्या संस्थेचे अन्न ज्या पाण्यावर अवलंबून होते त्या पाण्याची निगा राखण्यात त्या संस्थेचे प्रत्यक्ष हित होते. आजच्या परिभाषेत ज्याला लोकसहभाग म्हणतात त्याचे हे एक जुने रूप मानता येईल. त्यामागे कोणतेही आवाहन नव्हते, रोजची गरज होती.

तथापि जुन्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य होणार नाही. ज्या समाजाच्या सहभागाचा येथे उल्लेख होतो तो समाज एकसंध नव्हता. मराठी मुलखात गावोगाव जातवार पाणवठे होते. सार्वजनिक तळ्यावरील पाण्याचा हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, यावरून पाण्याभोवतीचा 'समाज' कोणाला आत घेत होता व कोणाला बाहेर ठेवत होता हे स्पष्ट होते. नदी सर्वांची असे सहज म्हटले जाते. पाणवठा मात्र सर्वांचा नव्हता.

नदीकडे पाठ फिरविण्याची प्रक्रिया

खामच्या ऱ्हासाचे कारण सर्वसाधारणपणे लोकसंख्यावाढ आणि उद्योग यांत शोधले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. संत एकनाथांच्या नावाने ओळखला जाणारा नाथसागर निर्माण झाल्यावर औरंगाबाद शहराची तहान पैठणहून उपसून आणलेल्या पाण्याने भागू लागली. नहरी मागे पडल्या आणि हर्सूलच्या तलावाचे महत्त्व उतरले. ज्या नदीच्या वरच्या खोऱ्यातील झिरप्यावर शहर उभे राहिले, त्या नदीशी त्याचा पिण्याच्या पाण्याचा संबंध जवळपास संपला. नदीची निगा राखण्याचे व्यावहारिक कारण त्याबरोबरच नाहीसे झाले.

याच काळात शहर झपाट्याने वाढले. १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. चिकलठाणा आणि त्यानंतर वाळूज येथील औद्योगिक वसाहतींनी ग्रामीण मराठवाड्यातील हजारो तरुणांना रोजगार दिला. परभणी-जालन्याच्या गावांतून वाळूजला गेलेली कुटुंबे आजही तेथे आहेत, त्यामुळे वरचे शहर आणि खालचे खेडे अशी सोपी विभागणी येथे टिकत नाही. घरांची संख्या वाढली तरी मलनिस्सारणाची व्यवस्था त्या वेगाने वाढली नाही, आणि सांडपाण्याने स्वाभाविकपणे नदीचा उतार धरला. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला होता. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले आणि केंद्राचा जल अधिनियम १९७४ मध्ये आला. म्हणजे खाम नाला होत गेली तो काळ कायद्यांच्या अभावाचा नव्हता.

या घडामोडींतील विसंगती भौगोलिक आहे. खाम नदी शहर ओलांडून दक्षिणेकडे जाते आणि नाथसागराला मिळते. शहराने टाकून दिलेले पाणी नदीवाटे ज्या जलाशयात पोहोचते, त्याच जलाशयातून शहर पिण्याचे पाणी उचलते, आणि त्याच जलाशयातून डावा कालवा २०८ किलोमीटरचा प्रवास करत परभणी जिल्ह्यापर्यंत येतो.

२०२१ नंतरचे पुनरुज्जीवन

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रदूषित नदीपट्ट्यांची स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना नदी पुनरुज्जीवन समित्या नेमण्याचा आदेश दिला. त्या वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. या पार्श्वभूमीवर महानगरपालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही पर्यावरणविषयक संस्था आणि व्हेरॉक हा उद्योगसमूह यांच्या सहकार्याने खाम नदी पुनरुज्जीवन मोहीम सुरू झाली.

या मोहिमेचा एक विशेष असा की तिने आरंभ नदीच्या पात्रापेक्षा घरातील कचऱ्यापासून केला. वस्तीतील कचरा उचलला गेला नाही तर तो पहिल्या पावसात पात्रात येतो आणि स्वच्छता मोहिमेचे श्रम वाया जातात, ही साधी गोष्ट अनेक नदी-प्रकल्पांच्या लक्षात येत नाही. कचरा संकलनाची घडी बसविणे, पात्रातील गाळ व राडारोडा काढणे, काठ सावरून त्यावर स्थानिक वृक्ष लावणे, नाल्यांचे पाणी अडविणे आणि फिरावयास जागा करणे अशी कामे टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आली. नागरिकांचे श्रमदान आणि विद्यार्थ्यांच्या भेटी यांमुळे ज्या पात्राकडे पाहणेही लोक टाळत, तेथे ते पुन्हा येऊ लागले. २०२३-२४ च्या डब्ल्यूआरआय रॉस सेंटर शहर पुरस्कारासाठी अंतिम फेरीत निवडल्या गेलेल्या प्रकल्पांत या मोहिमेचा समावेश होता.

हे यश लहान नाही. परंतु येथे सहभाग कोणाचा, हे नीट पाहावे लागते. श्रमदानासाठी सकाळी येणारा नागरिक दोन तासांनी घरी परततो. पात्राची रोजची स्वच्छता सफाई कामगारांच्या हातांनी होते, आणि नदीच्या सुधारण्याचा वा बिघडण्याचा सर्वांत निकटचा परिणाम काठावरील वस्त्यांना सोसावा लागतो. छायाचित्रांत श्रमदान दिसते, म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने हजेरीपटही वाचावा.

अन्य अनुभव

पंजाबमध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी २००० साली काली बेईं या नदीची कारसेवा सुरू केली. या नदीशी गुरू नानकांच्या जीवनातील प्रसंग निगडित असल्याने काठावरील समाजाला जोडणारे श्रद्धेचे सूत्र तेथे आधीच उपलब्ध होते. युरोपातील ऱ्हाइन नदीचा अनुभव वेगळा आहे. काठावरील पाच देशांनी १९५० मध्ये संयुक्त आयोग स्थापन केला, तरी पुढील अनेक वर्षे प्रदूषण वाढतच राहिले. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामास आग लागली, विषारी रसायने नदीत वाहून गेली आणि मासे मोठ्या संख्येने मेले. १९८७ मध्ये जो कृती कार्यक्रम आखला गेला त्यात वरच्या देशाने खालच्या देशाला पाण्याच्या गुणवत्तेबद्दल उत्तर देणे अपेक्षित होते. खामच्या मोहिमेची तुलना कारसेवेशी केली जाते. गोदावरी खोऱ्याला मात्र ऱ्हाइनचा धडा अधिक लागू पडतो.

संख्या आणि गुणवत्ता

गोदावरी खोऱ्यात वरच्या व खालच्या अंगाचा वाद नवा नाही. नाशिक-अहमदनगरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याच्या प्रश्नावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये निर्णय दिला आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. मराठवाड्याने हा लढा हक्काच्या पाण्यासाठी दिला. त्या वादात पाणी किती यायचे यावर शेकडो पृष्ठांचे युक्तिवाद झाले, परंतु येणारे पाणी कसे असावे हा प्रश्न जवळपास बाहेरच राहिला. शिवाय जायकवाडीला पाण्याचा वाटा मागणाऱ्या मराठवाड्यातीलच एक महानगर त्या जलाशयात आपले सांडपाणी पोहोचवत होते, ही अडचणीची बाब या प्रदेशातील चर्चेत क्वचितच उच्चारली गेली.

परभणी जिल्ह्यात लोकसहभागाची क्षमता नाही असे नव्हे. सेलू तालुक्यातील वालूर येथील मध्ययुगीन बारव ग्रामस्थांनी गाळ उपसून पुन्हा मोकळी केली. जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची बारवही या प्रदेशाच्या जलपरंपरेची साक्ष देते. परंतु बारव ही एका गावाची असते. तिचा गाळ कोणी टाकला आणि कोणी काढायचा, हे एका ग्रामसभेत ठरू शकते. करपरेकाठच्या गावाने आपला उकिरडा काठावरून हलविला तरी वरून काय येते यावर त्याची सत्ता नसते, आणि खाली काय जाते याचा जाब त्याला कोणी विचारत नाही. संभाजीनगरची मोहीम पालिकेच्या हद्दीत प्रभावी ठरली, कारण तेथे निर्णय घेणारी एक यंत्रणा होती. हद्द संपल्यावर नदी पुढे गेली आणि यंत्रणा मागे राहिली.

२००५ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनासाठी पाणीवापर संस्थांना मान्यता दिली आणि त्यांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी आवर्तनात मिळालेले पाणी मोजून घेऊ शकतो, कमी आल्यास तक्रार करू शकतो. त्याच्या संस्थेचा व्यवहार घनमीटरमध्ये होतो. पैठणच्या जलाशयात खामवाटे काय मिसळले, हे विचारण्यासाठी त्याच्या नोंदवहीत रकाना नाही, आणि खामच्या काठावर श्रमदान करणाऱ्या नागरिकाला या नोंदवहीची माहिती असण्याचे कारणही आजवर निर्माण झालेले नाही.